रोपित यंत्रांसाठी किरणोत्सारी बॅटरी: परवानगीचा अर्ज अडतो कुठे

पेसमेकरसारख्या यंत्रासाठी पुन्हा भरता येईल अशा किरणोत्सारी बॅटरीवर (किरणोत्सारी पदार्थातून निघणाऱ्या किरणांची वीज करणारी बॅटरी) काम करायचं ठरलं की नागपूरची संशोधक मुलं आधी सिव्हिल लाइन्सला अणु खनिज संचालनालयात जाऊन येतात. ते कार्यालय युरेनियमचे साठे शोधतं, परवाने देत नाही. परवाना मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, आणि अर्ज त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर.

अर्ज संस्थेच्या नावाने होतो, विद्यार्थ्याच्या किंवा गाइडच्या नाही. त्यात ‘एम्प्लॉयर’ म्हणजे संस्थाप्रमुख. पहिली अडचण असते किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, आरएसओ. “कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ओळखीचे सर आहेत, त्यांचं नाव टाकून देऊ” हे चालत नाही. त्यांची मान्यता त्यांच्या संस्थेपुरती असते. आधी माणूस शोधा, मग फॉर्म उघडा.

“आमचं प्रमाण अगदी थोडं, परवाना कशाला?” हा दुसरा घोळ. हिशोब करून पाहा. एक क्युरी (किरणोत्साराचं एकक) निकेल-६३ या किरणोत्सारी धातूमधून जेमतेम १०० मायक्रोवॅट शक्ती निघते आणि किरणांची वीज करणाऱ्या अर्धवाहकाच्या हाती त्यातला थोडाच भाग लागतो. यंत्र चालेल एवढा साठा घेतला की परवान्यातून सूट मिळण्याची मर्यादा केव्हाच मागे पडते.

खरी गाडी ‘पुन्हा भरणे’ या शब्दावर रुतते. १९७० साली पॅरिसमध्ये बसवलेल्या प्लुटोनियम-२३८ च्या पेसमेकरचा दाखला अर्जात हमखास असतो. पण त्या प्लुटोनियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ८८ वर्षं, तो भरायची वेळच येत नाही. तुम्ही घेता त्या प्रोमेथियम-१४७ चं अर्धायुष्य २.६ वर्षं, म्हणून तुम्हाला भरावं लागतंय. मग स्पष्ट लिहा: किरणोत्सारी पदार्थाची बंद कॅप्सूल उघडून भरणार की सबंध कॅप्सूल बदलणार? उघडणार असाल तर ‘सीलबंद स्रोत’ लिहून मोकळं होता येत नाही. शिवाय नव्या स्रोताच्या प्रत्येक खरेदीला वेगळी परवानगी लागते. एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असं नाही.

जवळजवळ कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे वापरलेला स्रोत परत घेण्याची पुरवठादाराची लेखी हमी. विक्रेता ती तोंडी देतो, फाइलला तोंडी चालत नाही. ऑर्डर देण्याआधीच लिहून घ्या.

रुग्णाचा मृत्यू झाला तर यंत्र काढणार कोण, हेही आराखड्यात हवं. एका मुलाने तिथे “नातेवाईक” लिहिलं होतं! साधा लिथियमचा पेसमेकरसुद्धा चितेत फुटतो, म्हणून दहनाआधी काढतात. इथे तर आत किरणोत्सारी पदार्थ आहे. डॉक्टर आणि जबाबदार संस्था नावानिशी लिहा.

माणसावरची चाचणी हा पुढचा टप्पा आणि तो दिल्लीच्या सीडीएससीओकडे, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांच्या केंद्रीय नियामकाकडे. रोपित विद्युत यंत्रं ‘ड’ वर्गात, सर्वाधिक जोखमीची. चाचणीपुरती यंत्रं बनवायला एमडी-१२ अर्ज, चाचणीला एमडी-२२, सोबत नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी. एईआरबीचं काम अर्धवट ठेवून इकडे धावू नका, पहिला प्रश्न त्याचाच येतो.