नेपच्यूनपलीकडील वस्तूंचा शोध

नेपच्यूनपलीकडील वस्तूंचा शोध : नेपच्यूनच्या कक्षेबाहेर, म्हणजे सूर्यापासून सुमारे ३० खगोलीय एककांच्या पुढे फिरणारे बटुग्रह, बर्फाळ खडक आणि असलाच तर एखादा मोठा ग्रह हुडकण्याचे निरीक्षणकार्य. (पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किमी., म्हणजे एक खगोलीय एकक.) अशा हजारो वस्तूंची आज नोंद आहे. १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत मात्र प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन एवढ्या दोनच ठाऊक होत्या.

अडचण पहिली प्रकाशाची. सूर्यप्रकाश तिथवर जाताना अंतराच्या वर्गाने घटतो आणि परावर्तित होऊन आपल्याकडे येताना पुन्हा तसाच घटतो. त्यामुळे तीच वस्तू दुप्पट दूर असेल, तर सोळापट अंधूक दिसते. दुसरी अडचण ओळखण्याची. छायाचित्रात ही वस्तू हुबेहूब ताऱ्यासारखा ठिपका असते. फरक एवढाच की, तारा जागचा हलत नाही आणि ही किंचित सरकते. हे सरकणे बहुतांशी आपलेच असते : ती पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे प्रतियुतीत असताना पृथ्वी आतल्या कक्षेतून तिला मागे टाकते आणि ती उलटी जाताना दिसते. पंचांगात शनी ‘वक्री’ होतो तो याच कारणाने. या वक्री चालीचा वेग अंतर सांगून जातो. मंगळ व गुरू यांमधला लघुग्रह तासाला तीसेक विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकतो, तर ४० एककांवरची वस्तू जेमतेम तीन. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे १,८०० विकला असते, यावरून ही चाल किती मंद आहे ते कळावे.

सुरुवात गणिताच्या यशाने झाली. विल्यम हर्शेल यांना १७८१ मध्ये सापडलेला युरेनस (मराठी पत्रिकांत तो अजून ‘हर्षल’ याच नावाने बसतो) ठरल्या वाटेवरून ढळत होता. त्यावरून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी एका अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेत योहान गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत मिळाला. या विजयाने पुढच्या पिढ्यांना जणू चटक लागली. युरेनसच्या गतीत उरलेल्या बारीक तफावतींवर अमेरिकन खगोलज्ञ पर्सिव्हल लोवेल यांनी ‘प्लॅनेट एक्स’ या अज्ञात ग्रहाची कुंडली मांडली आणि अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथील आपल्या वेधशाळेत १९१६ साली मृत्यू येईपर्यंत त्याचा पाठपुरावा केला.

तो शोध पुढे क्लाइड टॉमबॉ या कॅन्ससमधील शेतकऱ्याच्या मुलाकडे आला. घरी बनवलेल्या दुर्बिणीतून काढलेली गुरू-मंगळाची चित्रे त्याने वेधशाळेला पाठवली होती. तेवढ्या बळावर १९२९ मध्ये त्याला नोकरी मिळाली. रात्री १३ इंची दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याची काही दिवसांच्या अंतराने काचपट्टीवर छायाचित्रे घ्यायची आणि दिवसा दोन पट्ट्या तुलनायंत्रात बसवायच्या. भिंगातून कधी ही तर कधी ती पट्टी आळीपाळीने दिसे. लाखो तारे निश्चल. हलणारा ठिपका मात्र टुणकन उडी मारे. १८ फेब्रुवारी १९३० रोजी मिथुन राशीतल्या, २३ व २९ जानेवारीच्या पट्ट्यांवर एक ठिपका सुमारे साडेतीन मिमी. उडाला. तो प्लूटो.

गंमत अशी की, लोवेल यांचे गणित मुळात चुकीचे होते. १९७८ मध्ये शॅरन सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ०.२ टक्केच भरले. एवढ्याशा गोळ्याने युरेनस हलणे शक्य नव्हते. व्हॉयेजर-२ या अंतराळयानाने १९८९ मध्ये नेपच्यूनचे वस्तुमान नेमके मोजल्यावर त्या तफावतीही विरून गेल्या. तेव्हा प्लूटोचे श्रेय भाकिताला देण्यापेक्षा टॉमबॉच्या चिकाटीला द्यावे, हेच योग्य.

डेव्हिड ज्यूइट आणि जेन लू यांनी १९८७ पासून शोध चालवून हवाईतील मौना केआवरून ३० ऑगस्ट १९९२ रोजी ‘१९९२ क्यूबी१’ (आता अल्बियन) हा ठिपका पकडला आणि कायपर पट्टा, म्हणजे नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ वस्तूंचा पट्टा, कागदावरून आकाशात आला. पुढे तुलनायंत्राची जागा संगणकाने घेतली, तरी चाळणीचे भोक कितीचे ठेवायचे हे माणसालाच ठरवावे लागते. मायकेल ब्राउन, चॅडविक ट्रुहियो व डेव्हिड राबिनोविट्झ या खगोलज्ञांच्या कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेवरील प्रणालीत तासाला दीड विकलेपेक्षा मंद ठिपके आपोआप बाद होत. २००३ मध्ये सेडना ही अतिदूरची वस्तू सापडली ती याच मर्यादेच्या काठावर. म्हणून त्यांनी भोक बारीक करून जुनी चित्रे पुन्हा चाळली आणि ऑक्टोबर २००३ च्या चित्रांत दडलेला एरिस जानेवारी २००५ मध्ये हाती लागला. तो जवळजवळ प्लूटोएवढाच भरला आणि त्याच्यामुळेच २००६ मध्ये प्राग येथे ग्रहाची व्याख्या ठरली आणि प्लूटो ग्रहांच्या पंक्तीतून उठला.

सेडना सूर्याच्या ७६ एककांहून जवळ येतच नाही, म्हणजे नेपच्यूनच्या ओढीच्या ती बाहेर आहे. मग तिला या कक्षेत ढकलले कोणी? अशा दूरच्या काही कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात, यावरून कॉन्स्टँटिन बॅटिगिन आणि ब्राउन यांनी जानेवारी २०१६ मध्ये पृथ्वीच्या दसपट वस्तुमानाचा ‘नववा ग्रह’ सुचवला. नंतर हा अंदाज खाली आला. आक्षेप असा की, आपण आकाशाच्या ज्या भागात व ज्या ऋतूत पाहतो तिथेच वस्तू सापडतात, म्हणून झुकाव निरीक्षणातलाही असू शकतो. हा आक्षेप वजनदार आहे. ग्रहाच्या शोधासाठी ब्राउन-बॅटिगिन यांनी पालोमारच्याच दुर्बिणीवरील झ्विकी सर्वेक्षणाची चित्रे चाळली. हे सर्वेक्षण उभारणारे श्रीनिवास कुलकर्णी मूळचे कुरुंदवाडचे. ग्रह मिळाला नाही, पण त्याच्या संभाव्य जागांपैकी निम्म्याहून अधिक बाद झाल्या. वाइज उपग्रहाच्या अवरक्त नोंदींनी १०,००० एककांपर्यंत शनीएवढा ग्रह नसल्याचे २०१४ मध्येच दाखवले होते.

जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेला, सुबारू दुर्बिणीला सापडलेला ‘२०२३ केक्यू१४’ सेडनाच्या जातीचा असूनही इतरांच्या उलट बाजूला झुकलेला आहे. त्याच वर्षी चिलीतील व्हेरा रूबिन वेधशाळेने ८.४ मी. आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरून पहिली चित्रे प्रसिद्ध केली. दहा वर्षांच्या नियोजित सर्वेक्षणात ती दक्षिणेचे आकाश दर काही रात्रींनी नव्याने टिपणार आहे.