कॅव्हनसाइट की पेंटागोनाइट? वाघोलीची दोन निळी भावंडं

पुण्याजवळचं वाघोली जगभरच्या खनिजवेड्यांना ठाऊक आहे ते तिथल्या दगडखाणींमुळे. खडीसाठी काळा कातळ फोडताना एखादी पोकळी उघडते आणि स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर गोकर्णाच्या रंगाचा गर्द निळा गोंडा बसलेला दिसतो. हा कॅव्हनसाइट. तिथेच, पण फार क्वचित, पेंटागोनाइटही सापडतो. निळाई तीच, त्यामुळे घोळ ठरलेला.

रासायनिक पृथक्करण करूनही हा घोळ सुटत नाही. दोघांचं सूत्र एकच आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम हा धातू, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी. निळा रंग व्हॅनेडियमचा. वेगळी आहे ती अणूंची मांडणी. कॅव्हनसाइटमध्ये सिलिकेटची (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या घटकांची) चार आणि आठ घटकांची कडी असतात, पेंटागोनाइटमध्ये सहांची. मग नावात ‘पेंटा’, म्हणजे ‘पाच’, कुठून आले? त्याचे स्फटिक पाच-पाच जुळून वाढतात, आणि आडव्या छेदात चांदणी दिसते!

नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर आकार बघा. गुबगुबीत गोळा किंवा फुलासारखा गुच्छ असेल तर बहुधा कॅव्हनसाइट. सुटी, लांबट, धारदार पाती असतील तर पेंटागोनाइटची शक्यता; भिंगातून टोकाशी चांदणी दिसली तर ती आणखी वाढते. खात्री मात्र क्ष-किरण तपासणीनेच होते. पेंटागोनाइट जास्त दुर्मीळ आणि म्हणून महाग, तेव्हा नमुन्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर फार भिस्त नको.

स्फटिकोपचारवाल्यांना हा फरक जाणवत नसावा. आज्ञाचक्र उघडतं, अंतर्ज्ञान वाढतं, मन शांत होतं, हे दोन्ही दगडांबद्दल सांगितलं जातं. वर ‘प्राचीन’ हे विशेषण. प्रत्यक्षात ही खनिजं अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये सापडली आणि त्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं १९७३ साली. वाघोलीचा कॅव्हनसाइट तर त्याहूनही नंतरचा. नवरत्नांत या दोघांना जागा असणार कुठून? रोग बरे करण्याच्या दाव्यांना वैज्ञानिक पुरावा नाही. हे दगड बुडवलेलं पाणी पिण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. आत व्हॅनेडियम आहे.

आणि नीलमऐवजी हा खडा अंगठीत बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. खनिजांच्या १ ते १० या मोह्स मापनात नीलमची कठीणता ९, कॅव्हनसाइटची ३ ते ४. चाकूने ओरखडा उठतो, गोंड्याची टोकं चिमटीत धरली तरी तुटतात. त्याची जागा काचेच्या झाकणाच्या डबीत.