पेल्यातला तपकिरी गाळ

गेल्या रविवारी समोरच्या काकूंनी हाक मारली, "जरा येऊन बघ रे, आपण काय पाणी पितोय ते!" त्यांच्या ओट्यावर काचेचे दोन पेले होते. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओ मशिनचं. टाय लावलेल्या एका मुलाने दोन्ही पेल्यांत लोखंडाची एक आणि ॲल्युमिनिअमची एक अशा कांड्या बुडवल्या, पिन सॉकेटात खोचली आणि बटण दाबलं. नळाच्या पाण्यात आधी हिरवट पुंजके सुटले आणि मिनिटभरात गढूळ तपकिरी राडा झाला. आरओचं पाणी जसंच्या तसं. "बघा काकू, ही घाण रोज पोटात जाते." काकू चेकबुक शोधायला उठल्याच होत्या.

हे तर शाळेतलं विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पदार्थ फोडणं!

तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, पाण्यातून नाही. पाण्यात वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअमचे धन आयन ऋणाग्राकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीकडे सरकतात, क्लोराइड, बायकार्बोनेटचे ऋण आयन धनाग्राकडे, म्हणजे धन टोकाच्या कांडीकडे. शुद्ध पाण्यात असे हमाल जवळजवळ नसतातच: साधारण ५५ कोटी रेणूंमागे एखादाच रेणू फुटून आयन झालेला असतो. आरओ क्षार काढून टाकतं, म्हणून त्या पेल्यातून वीज जेमतेम जाते. त्याचं पाणी स्वच्छ राहिलं ते एवढ्याचसाठी.

मग तपकिरी आलं कुठून? खरी गंमत धनाग्रावर आहे. वीजपुरवठा तिथून इलेक्ट्रॉन ओढत असतो आणि ते कुणीतरी द्यावेच लागतात. कांडी प्लॅटिनमची किंवा ग्राफाइटची असेल तर ती दाद देत नाही, मग पाण्यालाच इलेक्ट्रॉन सोडावे लागतात आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. पण इथल्यासारखी धनाग्राची कांडी लोखंडाची असेल तर? लोखंड इलेक्ट्रॉन सोडायला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तयार असतं. त्याचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून स्वतःच आयन होऊन पाण्यात उतरतो. कांडी झिजत जाते. १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या बॅटरीच्या तारा पाण्यात सोडल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. पितळी तारा होत्या तोवर एका तारेपाशी हायड्रोजन सुटे आणि दुसरी तार नुसतीच गंजे. प्लॅटिनम वापरल्यावर तिथे ऑक्सिजन आला.

इकडे ऋणाग्रावर पाणी इलेक्ट्रॉन घेतं, हायड्रोजन सोडतं आणि हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात. त्यांची नि लोखंडाच्या आयनांची गाठ पडली की हिरवट आयर्न हायड्रॉक्साइड तयार होतं. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने ते तपकिरी होतं. थोडक्यात, गंज.

हिशेबही करू. ०.२ अँपिअर वीज मिनिटभर म्हणजे १२ कूलॉम (हे विद्युतभाराचं माप). एक मोल (रसायनशास्त्रातलं कण मोजायचं माप) इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कूलॉम आणि लोखंडाच्या अणूमागे इलेक्ट्रॉन दोन, म्हणून सुटलेलं लोखंड सुमारे साडेतीन मिलिग्रॅम. एवढ्याशा लोखंडाने पेला भरलेला दिसतो, कारण हायड्रॉक्साइडचे पुंजके पाणी धरून कापसासारखे फुगतात. ॲल्युमिनिअमची कांडी धनाग्राला लावली असती तर पांढरे पुंजके आले असते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ घेऊन खाली बसतात, तेच हे.

आरओ कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. बोअरचं पाणी त्याहून जड असेल तर मशिन जरूर घ्या. पण जंतू आहेत की नाहीत, हे त्या कांड्यांना कळत नाही. आणि हाच मुलगा पुढच्या खेपेला 'अल्कलाइन वॉटर'चं, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पाण्याचं मशिन घेऊन आला, तर जठरातलं आम्ल त्या पाण्याची काय गत करतं ते त्याला जरूर विचारा.

मी काकूंकडून बोटाच्या टोकावर मावेल एवढं मीठ मागितलं आणि आरओच्या पेल्यात टाकून ढवळलं. "सर, तसं करायचं नसतं," मुलगा म्हणाला. काकूंनी मात्र डोळे वटारले, तसं त्याने मुकाट्याने बटण दाबलं. (घरी हे २३० व्होल्टवर अजिबात करू नका. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे पुरतात, फक्त वेळ लागतो.) हिरवट पुंजके, मग तपकिरी, तेही आधीपेक्षा झपाट्याने. पेला हाताला कोमट लागत होता.

त्याने कांड्या फडक्याने पुसल्या. लोखंडाची कांडी वर जाड होती, बुडत होती तिथे मात्र खडबडीत, छिलल्यासारखी निमुळती. काकूंनी ती हातात घेतली.

"ही एवढी बारीक कशी रे झाली?"

"ती बदलावी लागते ना काकू," तो सवयीने बोलून गेला, "दर महिन्याला."