माळावरचा काळवीट आणि गावातला पोपट

काळवीट आणि कंठवाला पोपट यांची तुलना काढली की आधी हसू येतं. पण ज्वारी-हरभऱ्याच्या पट्ट्यात दोघंही पिकात उतरणारेच. काळविटासाठी रात्रीची राखण, पोपटांसाठी दिवसभर माळ्यावर गोफण. दोघांची वाट वेगळी झाली ती माणसाच्या हौसेमुळे. काळवीट हवा होता शिकारीला, पोपट पिंजऱ्याला.

मुघल दरबारात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई. कोल्हापूर संस्थानाने तर देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते आणून हा शौक चालू ठेवला. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून न्यायचं. शेतातल्या गाड्या रोज पाहणारी हरणं बिथरत नसत. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. पुढे बंदुका आणि जीपगाड्या आल्या, तेव्हा एवढंही कसब लागेना.

पोपटाला कोणी मारत नव्हतं, ढोलीतली पिल्लं काढून विकत होते. गळ्यातला कंठ फक्त नराला असतो, तोही साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो. त्यामुळे पिल्लू घेताना नर की मादी हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही. (काळविटाचंही तसंच: नर जन्मतः तांबूसच, वयात येताना काळा होत जातो.)

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत गेला. 1980 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. पोपट पाळणं आज गुन्हा आहे, तरी पिंजरे अजून दिसतात. काळवीट मारला तर बातमी होते, पिंजऱ्यातल्या राघूचं मात्र कौतुक होतं. हा दुजाभाव कायद्यापेक्षा आपल्या मनातला आहे.

परदेशीही दोघं गेले. टेक्सासात 1932 मध्ये काळवीट आणले गेले आणि तिथल्या खासगी रानांत वाढले. युरोपात पाळायला नेलेले पोपट सुटले किंवा सोडले गेले. ब्रुसेल्समध्ये 1974 साली सोडलेल्या सुमारे 40 पक्ष्यांपासून हजारोंचे थवे झाले. लंडनच्या बागांतही ते स्थिरावले.

पोपटाला जुन्या झाडाची ढोली आणि फळं मिळाली की शहरही चालतं. काळविटाला मोकळा माळच लागतो, आणि सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन. तिथे कधी कारखाना आला, कधी कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कधी वृक्षारोपण झालं. झाडं लावणं वाईट, असं म्हणायला कोणी धजत नाही. पण गवताळ माळावर ओळीने लावलेली रोपं काळविटाचं चरणं आणि लांबवर नजर ठेवणं दोन्ही हिरावतात. त्याच रोपांची झाडं होऊन त्यांना ढोल्या पडल्या, तर त्यात राहायला पोपट येतील.