हातचा न येणारा वर्ग

डहाणूला ओहोटी लागली की मागे राहिलेली ओली पुळण पाटीसारखी सपाट होते, आणि १११ गुणिले १११ हा गुणाकार तिच्यावर काठीने मांडला तर वहीत सहसा लक्षात न येणारी गोष्ट दिसते. १११ हीच ओळ तीनदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, पुढे पुन्हा दोन आणि शेवटी एक, उत्तर १२३२१. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती १ आले याची निव्वळ मोजणी होय.

असेच नऊ १ घेतले, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. आपल्या जुन्या स्थाननामांप्रमाणे तिच्यातला पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो आणि ३ हा ‘जलधि’ स्थानी, म्हणजे थेट समुद्राच्या घरात.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. त्यांचा जन्म १९०५ साली याच डहाणूत झाला. पुढे देवळालीला शाळेत शिकवता शिकवता ते आयुष्यभर आकड्यांत रमले. ६१७४ या संख्येमुळे ते अधिक ओळखले जातात, पण मला स्वतःला डेम्लो संख्या जास्त आवडतात, कारण त्यांचे रहस्य पाचवीतल्या मुलालाही पूर्ण समजते. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना त्या स्थानकावर सुचली.

१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग, येते. हा योगायोग नव्हे: नऊ ओळींत प्रत्येकी नऊ १ आहेत आणि त्यांतला एकही वाया गेलेला नाही. त्या ८१ ने याच सतरा अंकी संख्येला गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. १११११११११ चे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे पडतात, त्यामुळे आपल्या संख्येत यांतला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो आणि तिला एकंदर ४५ विभाजक आहेत. विभाजकांची संख्या विषम असणे ही प्रत्येक पूर्ण वर्गाची खूण आहे.

हा सगळा डौल हातचा येत नाही तोवरच टिकतो. दहा १ घेतले की मधल्या रकान्यात १० होतात. तिथे ० राहतो आणि हातचा १ डावीकडच्या ९ ला मिळून त्याचेही १० करतो, तोही पुढे हातचा देऊन ८ चे ९ करतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा ८ नाहीसा झाला, शिखरावर दोन शून्ये बसली आणि अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ भरली, कारण प्रत्येक हातच्यामागे दहा जाऊन एकच उरतो व बेरजेतून ९ कमी होतात. दोष त्या दहा एकांचा नाही, आपल्या दशमान लेखनाचा आहे. हापूस आपण डझनावर मोजतो. आकडेही बारांच्या पटीत लिहीत असतो, तर हा जिना अकरा एकांपर्यंत न मोडता चढला असता.