स्वस्तातला लॅपटॉप घेऊन बाहेर काम करताय? घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या लॅपटॉपच्या दुकानात आल्या आल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोसेसर आय फाइव्ह आहे का आय सेव्हन?" अहो, तेवढ्यावरून काही कळत नाही. २०१८ चा आय सेव्हन आणि त्यानंतर तीनेक वर्षांनी आलेला आय फाइव्ह शेजारी ठेवले तर बरेचदा नंतरचाच पुढे जातो. आणि तुम्ही फोटो, व्हिडिओ, डिझाइन असलं काम करणारे असाल आणि लॅपटॉप पाठीवर टाकून फिरणारे असाल तर प्रोसेसरच्या आधी दोन-तीन गोष्टी बघायच्या असतात, ज्या कुणी विचारतच नाही. म्हणून हे लिहून ठेवलंय, म्हणजे प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून परत परत सांगायला नको.

पहिलं स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी सगळ्यात आधी पैसे वाचवते ते इथे. माहितीत "फुल एचडी आयपीएस" लिहिलेलं असतं आणि लोक खूश होतात, पण खाली बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असतं, म्हणजे एसआरजीबी या फोटो-वेबसाठी ठरलेल्या रंगसंचातले साधारण दोन तृतीयांशच रंग दिसणार. लाल, केशरी, हिरवा हे सगळे मवाळ दिसतात, मग तुम्ही सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवता आणि तोच फोटो मोबाइलवर उघडला की नवरीचा शालू पेटल्यासारखा दिसतो. आमच्याकडून लॅपटॉप घेतलेल्या एका फोटोग्राफरचा अख्खा अल्बम असा बिघडला होता आणि चूक आमचीच होती, आम्ही त्याला पॅनेलचं, म्हणजे स्क्रीनच्या दर्जाचं, सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पहिलं पॅनेल दाखवतो. ७२ टक्के एनटीएससी किंवा १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं बघा. शिवाय ब्राइटनेस २५० निट्स असेल तर झाडाखाली बसूनसुद्धा नीट दिसत नाही, ४०० च्या आसपास असला तर बाहेर काम होतं.

रॅमचं थोडक्यात. ८ जीबीत भागतं असं सांगणारे भेटतील, पण प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स (चित्र दाखवणारा भाग) त्याच रॅममधून वाटा घेतं, वर ब्राउझरच्या पंधरा टॅब तुम्ही बंद करणार नाहीच, तेव्हा १६ घ्या. आठ-आठच्या दोन पट्ट्या लावल्या तर आतल्या ग्राफिक्सला फरक पडतो, एकच सोळाची लावण्यापेक्षा तेच बरं. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ते आधीच विचारा. हार्ड डिस्कवाला लॅपटॉप तर फुकट दिला तरी घेऊ नका, एसएसडीच पाहिजे.

आता बाहेरचं काम म्हणजे नक्की काय ते बघू. वारीचं उदाहरण घ्या, आमची बरीचशी मंडळी तिकडे जातात. माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला जाते, घाटात फोटोवाले पहाटेपासून जागा धरून बसलेले असतात, दिवसभरात हजारभर रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, मोठ्या फाइल) होतात आणि ज्याला पाहिजेत त्याला ते त्याच रात्री पाहिजेत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबी, म्हणजे हजार फोटोंचे २५-३० जीबी. हे सगळं सासवडला कुणाच्या तरी ओट्यावर बसून करायचं, प्लग मिळेल याची खात्री नाही, वरून पाऊस, आणि गर्दीत नेटवर्क मेलेलं.

इथे महागडा लॅपटॉपही दमतो, तेव्हा काम लॅपटॉपच्या बेताने करायचं. फोटो एडिट करायला लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर इम्पोर्ट करतानाच स्मार्ट प्रीव्ह्यू करून घ्या, लांब बाजू २५४० पिक्सेलची छोटी फाइल तयार होते, एडिट तिच्यावर करता येतं आणि घरी आल्यावर मूळ रॉला तेच आपोआप लागू होतं. हजारातले आधी तीस निवडा, तेवढ्यांवरच हात फिरवा, २०४८ पिक्सेलचे जेपेग करून पाठवून द्या, बाकीचे घरी. पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, शिकायला वेळ लागतो पण काम चोख करतात.

व्हिडिओवाल्यांनो, तुमचं जरा वेगळं. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलेला फोरके व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो, तो थेट टाइमलाइनवर टाकला की स्वस्त लॅपटॉप अडखळणारच, मग तुम्ही आम्हाला फोन करणार की मशीन हँग होतं. प्रॉक्सी, म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी नक्कल, करा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही ती होते. हलक्या फाइल बनवून त्यावर कटिंग करायचं आणि शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलवरून, तेही घरी प्लगला लावून, रात्री जेवायला बसताना. कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांची जास्त माहिती असलेला, घट्ट दाबलेला व्हिडिओ) मध्ये शूट करत असेल तर इंटेल प्रोसेसरच्या ८व्या जनरेशनला (पिढीला) ते झेपत नाही, इंटेलच्या ११व्यापासून आतल्या ग्राफिक्समध्ये त्याची सोय आहे, पण सॉफ्टवेअरनेही ती वापरायला हवी. म्हणून प्रोसेसरचं नाव सांगण्यापेक्षा कॅमेरा काय आणि सॉफ्टवेअर कोणतं ते सांगा.

बॅटरी. सेकंडहँड घेताना "तीन तास चालते" यावर जाऊ नका, बॅटरी रिपोर्ट मागा. त्यात नवीन असतानाची कपॅसिटी आणि आत्ताची दोन्ही येतात, आम्ही समोर काढून दाखवतो, इतर कुठे घेत असाल तरी मागा. आमच्याकडे सगळ्यात जास्त जाणारा लॅपटॉप म्हणजे थिंकपॅड टी४८०, त्याला आत एक आणि मागे एक अशा दोन बॅटऱ्या असतात आणि मागची चालू लॅपटॉपवरच काढून दुसरी लावता येते, वारीवाले दोन-दोन घेऊन जातात. मात्र त्याचं स्क्रीन बरेचदा तेच ४५ टक्केवालं असतं. पॅनेल बदलून मिळतं, खर्च वेगळा, आधी बोलून घ्या.

टाइप सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर पॉवरबँक चालते पण ती पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॅट देणारी सोय) असलेली आणि ४५ किंवा ६५ वॅटची पाहिजे, मोबाइलची १८ वॅटवाली लावून "चार्ज होत नाही" म्हणून भांडू नका. २०००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॅट-अवर, त्यातले काही वाटेत वाया जातात, तरी लिहिणं-निवडणं असल्या हलक्या कामाला तीन-चार तास जास्तीचे मिळतात. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवरबँक नेता येते, तीही हातातल्या बॅगेत, लगेजमध्ये टाकायची नाही.

एक राहिलंच, विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या ८व्या जनरेशनपासूनच चालतं. त्याच्या आधीचा फार स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका.

पावसाळ्यात सॅकमध्ये आधी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात लॅपटॉप, सिलिका जेलच्या पुड्या टाका. विसर्जनाला गुलाल उडत असताना लॅपटॉप उघडूच नका, पंख्यात गेलेला गुलाल काढायला आम्हाला अर्धा दिवस लागतो आणि त्याचे पैसे आम्ही घेतो. कार्ड फॉरमॅट करायच्या आधी फोटो दोन ठिकाणी आहेत ना ते बघा, एक लॅपटॉपमध्ये आणि एक बाहेरच्या एसएसडीवर. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण दर सीझनला कुणीतरी रडवेला होऊन येतोच.

लॅपटॉप बघायला येताना तुमचंच कार्ड आणि तुमच्याच फाइल घेऊन या, इथे बसून दहा मिनिटं एडिट करा आणि मग ठरवा. आमच्या डेमो व्हिडिओवर सगळेच लॅपटॉप पळतात. शनिवारी फार गर्दी असते, तेवढा वार सोडून या म्हणजे निवांत बोलता येईल.