उभं चोळणं, आडवं रगडणं : टेनिस एल्बोच्या मालिशची पार्श्वभूमी

कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथं दुखू लागलं की भरलेला तांब्या उचलताना हात गळाल्यासारखा होतो, भाकरी थापताना कळ येते, आणि धुतलेली वाकळ पिळायची म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. मराठवाड्यात याला फार तर ‘कोपर धरलंय’ म्हणायचे, नि तेल चोळून कामाला लागायचे. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द बहुतेक घरांत पोचला तो २००४ साली, सचिन तेंडुलकरमुळे. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. क्रिकेटवाल्याला टेनिसचा आजार कसा झाला, हा प्रश्न तोवर पारावर बराच चघळून झाला होता.

प्रश्न रास्तच होता. या दुखण्याचं पहिलं वैद्यकीय वर्णन १८७३ सालचं, रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरचं. तो लिहीत होता सतत लेखणी चालवणाऱ्यांच्या हाताबद्दल. लॉन टेनिसचं पेटंटच मुळी १८७४ चं, आणि विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. इंग्लंडातल्या साहेबलोकांना या खेळाचं वेड लागलं, त्यांची कोपरं दुखू लागली, आणि १८८३ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस एल्बो’ हे नाव छापून आलं. ते चिकटलं ते कायमचं. बीडच्या एखाद्या डॉक्टरानं बारसं केलं असतं तर ‘कोयता-कोपर’ झालं असतं. आजही या दुखण्याच्या बहुतेक रुग्णांनी जन्मात रॅकेट धरलेली नसते.

कोयता काय, रॅकेट काय किंवा म्हशीचा सड काय, शरीराच्या हिशेबी काम एकच. मूठ आवळली की मनगट आतल्या बाजूला मुडपू पाहतं. त्याला सरळ धरून ठेवायचं काम हाताच्या पाठीकडच्या स्नायूंचं. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, कोपराच्या त्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेल्या असतात. त्यातल्या एका आखूड स्नायूच्या कंडरेवर सगळा ताण येतो आणि तिथंच ती झिजते. पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हे जास्त दिसतं, बाई असो वा पुरुष.

आता मालिशकडे वळू. आपल्याकडे या कामाला जे शब्द आहेत त्यांतच इतिहास साठलेला आहे. ‘अभ्यंग’ आणि ‘मर्दन’ संस्कृतातून आले. चरकसंहितेत तेल लावण्याचं समर्थन करताना दृष्टान्त दिलाय तो तेल मुरलेल्या घड्याचा, चामड्याचा आणि गाडीच्या आसाचा: वंगण मिळालं की आस टिकतो, तसं शरीर टिकतं. बैलगाडीच्या मुलखाला हे समजवायला वैद्याची गरज नव्हती. सुश्रुतानं तर कोपराच्या सांध्याला ‘कूर्पर’ नावाचं मर्मच म्हटलंय आणि तिथं इजा झाली तर हात लुळा पडतो, असा इशारा देऊन ठेवलाय. लातूर-धाराशिवच्या सीमेला लागूनच असलेल्या कल्याणीला चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त तेल लावून करायचं स्नान आणि मल्लांच्या कुस्त्या, दोन्हींची सविस्तर दखल आहे.

‘मालिश’ मात्र फारसी. ‘कुस्ती’ आणि ‘पहिलवान’ फारसी, ‘तालीम’ अरबी. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथं युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. युनानी हकीम चोळण्याला ‘दल्क’ म्हणतात. कडक, मऊ, थोडा वेळ, पुष्कळ वेळ असे त्याचे प्रकार पाडतात आणि कुणाला कुठला द्यायचा ते प्रकृती बघून ठरवतात. गावातल्या माणसानं या दोन्ही शास्त्रांतलं जमेल तेवढं उचललं आणि त्याला साधं ‘चोळणं’ म्हटलं. बाळंतिणीला नि बाळाला सुईण चोळायची, तालमीत पोरं एकमेकांना चोळायची, आणि तेल बहुतेक घाण्यावरचं करडईचं. काटेरी करडईचं हे पीक मराठवाड्याच्या काळ्या रानातलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं त्याचं ‘परभणी कुसुम’ नावाचं वाणही काढलंय.

या सगळ्या चोळण्यात एक गोष्ट समान होती. हात बहुतेक उभा फिरायचा, मनगटाकडून खांद्याकडे किंवा खांद्याकडून मनगटाकडे. आणि घरच्या चोळण्यात तेल सहसा असायचंच.

टेनिस एल्बोसाठी जगभर शिकवलं गेलेलं मालिश नेमकं याच्या उलट आहे. त्याचं मूळ स्वीडनमध्ये. स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंग यानं १८१३ साली व्यायामाची संस्था काढली आणि तिथल्या शिकवणुकीतून ‘वैद्यकीय जिम्नॅस्टिक’ युरोपभर पसरलं. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना उभी केली. मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी तेव्हा ओरड होती, आणि आपला पेशा त्यापासून वेगळा काढणं त्यांना भाग होतं. तिथल्या फिजिओथेरपिस्टांची आजची मुख्य संस्था तिच्यातूनच वाढली. स्वीडिश परंपरेतल्या हेन्रिक केलग्रेनचा नातू जेम्स सिरिआक्स लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टर झाला. १९३६ साली त्यानं टेनिस एल्बोवर मोठा निबंध लिहिला आणि पुढं आपलं आडवं घर्षण रूढ केलं.

पद्धत अशी: कोपर वाकवायचं, उंचवट्याच्या जरा पुढं नेमकी दुखरी जागा शोधायची आणि अंगठ्याच्या टोकानं कंडरेच्या धाग्यांवर आडवं रगडायचं. अंगठा कातडीवरून घसरता कामा नये, कातडीसकट हलला पाहिजे. म्हणून तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. पहिली एक-दोन मिनिटं चांगलंच दुखतं, मग जागा बधिर होते. हे दहा-पंधरा मिनिटं, एक दिवसाआड. सिरिआक्सचं म्हणणं होतं की कंडरा फाटून भरताना धागे वेडेवाकडे चिकटतात, ते या रगडण्यानं सुटतात.

तर्क सुरेख होता, पण पुरावा त्याच्या बाजूनं उभा राहिला नाही. १९७९ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर सूज आणणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. धागेच कुजकट, विस्कटलेले. उपचारांवरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेच्या २०१४ सालच्या आढाव्यात आडव्या घर्षणाचा फायदा ठरवण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. स्टेरॉइडच्या इंजेक्शनची गत तर आणखी चमत्कारिक. पहिले काही आठवडे झकास, पण वर्षानंतर इंजेक्शन न घेतलेलेच बरे निघाले. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात आपसूक कमी होतं, त्यामुळं शेवटी ज्याच्याकडं गेलो तो गुणी ठरतो, मग तो मालिशवाला असो की इंजेक्शनवाला. माझ्या मते मालिशकडं कळ तात्पुरती उतरवणारी सोबत म्हणून बघावं. खरा भर कंडरेला हळूहळू वजन पेलायला लावणाऱ्या व्यायामावर हवा.

एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. पडून किंवा मार लागून कोपर सुजलं असेल तर ते टेनिस एल्बो नव्हे, आणि अशा कोपराला चोळायचं नाही. हाडवैद्याकडून जोरात चोळून घेतलेल्या कोपरात, विशेषतः लहान मुलांच्या, स्नायूतच हाड तयार होऊन सांधा आखडू शकतो. एक्स-रे आधी.

राहता राहिलं कामातून उसंत घेणं. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस बसलं तर खाडा पडतो. फडात संध्याकाळी तेल चोळून पहाटे पुन्हा मूठ आवळणाऱ्या बाईला ‘सहा आठवडे हात जपा’ हा सल्ला द्यायचा, तर तो मुकादमालाही ऐकवावा लागेल.